बॅलेचा क्लास निवडताना आधी जमीन बघा

लेकीला बॅलेला घालायचं म्हणून मी पहिल्यांदा एका क्लासला गेले तेव्हा काय काय पाहिलं ते अजून आठवतं. भिंतीवरचे फोटो, गेल्या वर्षीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ, झालरीचे गुलाबी झगे, काउंटरवरची गोड बोलणारी बाई. जे पाहायला हवं होतं ते माझ्या पायाखाली होतं आणि तिकडे माझं लक्षही गेलं नाही. व्हिट्रिफाइड टाइल्स. सोसायटीच्या हॉलमध्ये असतात तशा, गुळगुळीत, थेट काँक्रीटवर बसवलेल्या. चार महिन्यांत लेक संध्याकाळी नडगी धरून बसायला लागली. फिजिओथेरपिस्टकडे गेलो, तर त्यांनी पाय हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "उड्या कशावर मारते ही?"

मग क्लास बदलला. पुढे एकेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःही शिकायला लागले, आणि मैत्रिणी, नणंदा, शेजारपाजारचे बाबा लोक यांच्याबरोबर मुंबई-ठाणे-पुण्यातले बरेच क्लास बघून झाले. मी शिक्षिका नाही, डॉक्टरही नाही. एका मुलीची आई आणि उशिरा शिकायला लागलेली विद्यार्थिनी म्हणून जे कळलं ते इथे लिहितेय. यातलं बरंचसं कंबरेच्या खालचं आहे, हे आधीच सांगते.

आधी घरी बसून ठरवा

वयाचा प्रश्न सगळ्यात आधी येतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी 'बेबी बॅले' किंवा तशा काहीतरी नावाच्या बॅचेस असतात. तिथे ताल ऐकणं, थांब म्हटल्यावर थांबणं, फुलपाखरासारखं धावणं, रांगेत आपली पाळी येईपर्यंत दम धरणं एवढंच शिकवायचं असतं, आणि तेवढंच शिकवलं तर उत्तम. खऱ्या तंत्राला शरीर आणि डोकं साधारण सात-आठव्या वर्षी तयार होतं. चार वर्षांच्या मुलाला तासभर बारला, म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला, धरून उभं करणारा क्लास कितीही शिस्तीचा वाटला तरी सोडून द्या. आणि चौथ्या वर्षी सुरू केलं नाही म्हणजे गाडी चुकली, असंही नाही. दिल्लीचा कमल सिंग सतराव्या वर्षी बॅले शिकायला लागला आणि २०२० साली लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये त्याची निवड झाली. तो अपवाद आहे हे मान्य, पण आठव्या वर्षी 'उशीर झाला का हो?' म्हणून विचारणाऱ्या आयांना मी त्याचंच उदाहरण देते.

मुलगा असेल तर घरातून आणि बाहेरून चार शब्द ऐकावे लागतात. मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याला आणि मनीष चौहान या दुसऱ्या नर्तकाला मुंबईतच येहुदा माओर या शिक्षकाने घडवलं. मुलासाठी क्लास बघताना एक गोष्ट मुद्दाम विचारा: बॅचमध्ये आणखी मुलगे आहेत का, आणि नसतील तर त्याला काय शिकवणार? मुलग्यांच्या शिक्षणात उड्यांवर जास्त भर असतो. 'तोही मुलींबरोबर करेल की' हे उत्तर पहिली दोन वर्षं चालतं, पुढे नाही.

आमच्या घरी प्रश्न वेगळाच निघाला. सासूबाई म्हणाल्या, "कथक आहे, भरतनाट्यम आहे, हे कशाला?" त्यांना मी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची गोष्ट सांगितली. १९२८ साली मुंबईत त्यांनी रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हाचं नृत्य पाहिलं, तिच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे त्या बॅले शिकल्या, आणि १९३६ मध्ये मद्रासला कलाक्षेत्र उभं केलं. सासूबाईंना हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण नातीचा अंबाडा त्याच घालून देतात.

एवढं झालं की अंतराचा हिशेब करा. हा मुद्दा रूक्ष आहे, पण क्लास सुटायचं हेच सगळ्यात मोठं कारण असतं. बॅलेला आठवड्यातून एक दिवस म्हणजे हौस, दोन दिवस म्हणजे शिक्षण. शाळा सुटल्यावर लोकल आणि रिक्षा करत जाऊन-येऊन अडीच तास लागणार असतील, तर शहरातला सगळ्यात नावाजलेला क्लासही जूनमध्ये सुरू होऊन ऑगस्टच्या पावसात बंद पडतो. घरापासून अर्ध्या तासावरचा बरा शिक्षक त्यापेक्षा चांगला.

फोनवर काय विचारायचं

पाटीवर 'बॅले, झुंबा, बॉलीवूड, हिपहॉप, कंटेम्पररी' असं सगळं एका ओळीत असतं. त्यात वाईट काही नाही, भाडं त्यावरच निघतं. पण बॅले कोण शिकवतं हे विचारा. नाव मिळालं की त्यांनी स्वतः कुणाकडे, किती वर्षं बॅले केलं तेही विचारा. 'सरांना सगळे फॉर्म येतात' हे उत्तर ऐकलं की मी नमस्कार करून फोन ठेवते. तबला, सतार आणि शहनाई एकच माणूस शिकवतो म्हटल्यावर आपण काय म्हणू?

दुसरा प्रश्न: नवख्यांची बॅच कोण घेतं? पुष्कळ ठिकाणी भिंतीवर मोठ्या बाईंचा फोटो असतो आणि सहा-सात वर्षांची मुलं मात्र त्यांच्याच अकरावी-बारावीतल्या विद्यार्थिनीच्या हवाली असतात. मदतीला विद्यार्थिनी असायला हरकत नाही, बॅच तिच्या एकटीच्या भरवशावर नको. पाया घालायच्या वेळीच जाणता माणूस लागतो.

तिसरं, बॅचमध्ये किती जण. लहान मुलांच्या बॅचला एका शिक्षकामागे बारा-पंधरा ठीक. पंचवीस झाले की शिक्षक फक्त आकडे मोजतो, पाय बघत नाही.

चौथं, एक क्लास बसून बघता येईल का? 'पालकांना आत सोडत नाही' हा नियम रोजच्यासाठी योग्य आहे, आई समोर असली की मुलं बिथरतात. पण प्रवेश घेण्याआधी एकदाही बघू देत नसतील तर पुढे जाऊ नका. आणि सणवार, ओपन डे, वार्षिक कार्यक्रमाची तालीम असा दिवस निवडू नका. साधा मंगळवार निवडा.

मंगळवारी गेल्यावर: जमीन

बूट-चपला बाहेर काढून आत जा. कुणाचं लक्ष नसताना टाच थोडी उचलून जमिनीवर टेकवा, जरा जोरात. जमीन किंचित देते का, आणि आवाज पोकळ येतो का बघा. टाचेपासून गुडघ्यापर्यंत झण्‌कन कळ गेली तर खाली काँक्रीट आहे.

बॅलेत एकाच क्लासमध्ये पन्नास-शंभर छोट्या उड्या सहज होतात. दर उडीला खाली येताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायावर येतो. चांगल्या स्टुडिओत तो भार जमीन वाटून घेते. खाली लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्याखाली रबर किंवा फोमचे ठोकळे असतात, वर प्लायवूडचे थर आणि त्यावर नृत्यासाठीचं व्हिनाइल. याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. वरच्या व्हिनाइलला नाचणारी मंडळी सरसकट 'मार्ली' म्हणतात, कंपनी कोणतीही असो.

फसगत इथेच होते. काँक्रीटवर थेट चिकटवलेलं लाकडी लॅमिनेट दिसतं छान, पण ते देत नाही. टाइल्सवर नुसतं व्हिनाइल अंथरलं तर पाय घसरायचा थांबतो, हादरा तसाच राहतो. आणि कोड्यासारखे एकमेकांत अडकवायचे फोमचे रंगीत तुकडे, जे बालवाडीत असतात, ते तर आणखी वाईट. त्यात पाय रुततो, गिरकी घेताना तळवा अडकतो आणि वळतो तो गुडघा.

म्हणून प्रश्न नेमका विचारा: "मार्लीच्या खाली काय आहे?" ज्यांनी खर्च करून जमीन बनवून घेतलीय ते पाच मिनिटं कौतुकाने सांगतात, कुठल्या सुताराने केली, पावसाळ्यात कशी फुगली, सगळं. ज्यांनी केलेली नाही ते विषय बदलतात.

आपल्याकडे प्रत्येकाला अशी जमीन परवडत नाही हे मलाही कळतं. भाड्याच्या हॉलमध्ये शिकवणारे प्रामाणिक शिक्षक मी पाहिले आहेत. त्यातल्या एक बाई टाइल्सवर उड्या घेतच नाहीत. बार, तोल, हात, संगीत यावरच बहुतेक वेळ देतात आणि महिन्यातून दोनदा मुलांना लाकडी जमिनीच्या स्टुडिओत नेऊन उड्या करून घेतात. कठीण जमिनीवर काय करायचं नाही हे ज्याला कळतं, त्याच्याकडे मूल बिनधास्त सोडावं.

जमीन बघून झाली की वर एक नजर टाका. छत बुटकं आणि पंखा खाली असेल तर मोठ्यांच्या बॅचला हात वर करून उडी मारणं म्हणजे जिवाशी खेळ. बार भिंतीत घट्ट आहे की ओढला की हलतो? लहान मुलांसाठी खालच्या उंचीचा दुसरा बार आहे का? नसेल तर मुलं खांदे कानाला लावून बारला लोंबकळतात आणि तीच सवय लागते.

आता पाय बघा

लेकीचा दुसरा क्लास मी कसा निवडला ते सांगते, कारण त्या पाच मिनिटांत मला सगळं कळलं होतं.

आठ-नऊ मुली बारला उभ्या होत्या. क्लास नेहमीसारखाच, प्लिएने सुरू झाला. प्लिए म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवून गुडघे वाकवणं. भरतनाट्यमची अरमंडी डोळ्यांपुढे आणा, दिसायला त्याच कुळातली, जात वेगळी. कोपऱ्यातल्या सातेक वर्षांच्या मुलीने पावलं एका सरळ रेषेत, अगदी १८० अंशांत उघडली होती, टाचेला टाच. तिची आई माझ्या शेजारी बसून कौतुकाने बघत होती. पण गुडघे वाकले तेव्हा ते पावलांच्या दिशेला गेलेच नाहीत, समोर आले. तळपायाची कमान आत कोसळली, अंगठ्याकडची बाजू जमिनीला चिकटली. सगळा पीळ गुडघ्यात.

बाई तिच्यापाशी गेल्या आणि जमिनीवर बसल्या. काहीच न बोलता त्यांनी तिची दोन्ही पावलं थोडी आत वळवली, मग आणखी थोडी, ९० अंशांच्या आसपास येईपर्यंत. मग म्हणाल्या, "आता वाक. गुडघा कुठल्या बोटाकडे बघतोय?" मुलगी खाली बघून म्हणाली, "दुसऱ्या." "त्यालाच बघू दे." पुढच्या प्लिएला तिची कमान टिकली. दिसायला मात्र पहिल्यापेक्षा कमी 'बॅलेसारखं' दिसलं, आणि शेजारच्या आईचा चेहरा पडला.

पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. खुब्याच्या हाडाची ठेवण ज्याची त्याची, जन्मतः. कुणाला जास्त वळतं, कुणाला कमी. राहिलेली कसर गुडघा आणि घोटा पिळून भरून काढली की काही वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून जो शिक्षक पावलं ओढून-ताणून १८० करायला लावतो, मुलांना बेडकासारखं पालथं झोपवून पाठीवर बसतो, किंवा ताणताना रडणाऱ्या मुलाला 'होतंय सवय' म्हणतो, त्याच्याकडून सरळ उठून यावं. त्याच्या विद्यार्थ्यांची पदकं बघायला थांबूच नका.

त्या एका तासात आणखी काय काय टिपायचं? शिक्षक खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतो की उठून एकेकापाशी जातो? एखादी गोष्ट चुकली की का चुकली हे सांगतो, की नुसतं 'अजून वर, अजून वर' करतो? नवखी मुलगी मागच्या रांगेत विसरली जाते का? उडीवरून खाली येताना आवाज किती होतो हेही ऐका. कथकमध्ये तळवा वाजायलाच हवा, बॅलेत उलट: आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि शेवटी गुडघा वाकलेला. दहा मुलींच्या उड्यांचा धबधब आवाज येतोय आणि शिक्षक त्यावर काहीच बोलत नाही, म्हणजे काय ते समजा.

क्लासचा क्रमही बघा. आधी बार: प्लिए, तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणं), मग पाय हळूहळू उंच आणि वेगात. नंतर बार सोडून मधोमध, तोल आणि गिरक्या. उड्या शेवटाकडे, शरीर तापल्यावर. शेवटी रेव्हेरांस, म्हणजे शिक्षकाला आणि वादकाला वाकून नमस्कार. आपल्या नृत्यात भूमीला नमस्कार करून सुरुवात करतात, तसा हा निरोप. आल्या आल्या उड्या किंवा थेट स्प्लिट्स घेतल्या तर क्रमच कळलेला नाही. वादक आपल्याकडे सहसा नसतो, ब्लूटूथ स्पीकरच असतो, त्याला नाक मुरडू नका. पण शिक्षक गाणं निवडून, मात्रा मोजून देतो का हे बघा.

आणि मुलांच्या अंगाबद्दल काय बोलतो ते कान देऊन ऐका. 'पोट आत' ही सूचना झाली. 'पोट किती सुटलंय बघ' हा अपमान झाला. नऊ वर्षांच्या मुलीच्या वजनावर सगळ्यांसमोर शेरा मारणाऱ्या क्लासमध्ये एक मिनिटही काढू नका.

घराणी आणि परीक्षा

बॅलेलाही घराणी आहेत. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा, म्हणजे आरएडीचा, अभ्यासक्रम आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो. ही संस्था १९२० साली स्थापन झाली. इटालियन एन्रिको चेकेत्तीची पद्धत वेगळी, त्यात आठवड्याच्या प्रत्येक वाराचा व्यायाम ठरलेला. रशियाच्या अग्रिपिना वागानोव्हाने पाठ, डोकं आणि हात पायांबरोबर एकजीव करण्यावर भर दिला, तिचं पाठ्यपुस्तक १९३४ चं. डेन्मार्कची बूर्नोनव्हिल आहे, अमेरिकेत बालान्शिनची आहे. यावर इंटरनेटवर लोक तावातावाने भांडतात. नवख्या विद्यार्थ्याने त्यात पडू नये. किराणा की जयपूर हे ठरवायच्या आधी सा लागायला हवा. शिक्षक एक पद्धत धरून शिकवतो ना, आज एक आणि उद्या यूट्यूबवरचं दुसरं असं करत नाही ना, एवढंच बघा.

आरएडीच्या परीक्षांची उतरंड आपल्याला पटकन समजेल. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या असतात, तशीच. प्री-प्रायमरी, प्रायमरी, मग ग्रेड १ ते ८. त्याला समांतर अधिक तांत्रिक अशी व्यावसायिक वाट: इंटरमीडिएट फाउंडेशन, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड फाउंडेशन, अ‍ॅडव्हान्स्ड १ आणि २. ग्रेड १ ची परीक्षा देण्यासाठी किमान वय ७, इंटरमीडिएट फाउंडेशनसाठी ११. परीक्षक बाहेरून येतो, त्यामुळे क्लासच्या स्वतःच्या सर्टिफिकेटपेक्षा याला वजन आहे.

'आम्ही आरएडी शिकवतो' आणि 'आम्ही आरएडीचे नोंदणीकृत शिक्षक आहोत' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. संस्थेच्या संकेतस्थळावर शिक्षक शोधायची सोय आहे, तिथे नाव घालून बघा. नाव नसलं म्हणजे माणूस वाईट असं नाही. एखादा मोठा नर्तक कुठल्याच कागदाशिवाय उत्तम शिकवत असेल. पण जो कागद आहे म्हणून सांगितलं जातं तो असायलाच हवा.

मात्र वर्षभर फक्त परीक्षेचेच तुकडे घोटून घेणारे क्लासही असतात. तिथली मुलं डिस्टिंक्शन मिळवतात आणि एखादा नवा क्रम दिला की गोंधळतात. बघायला गेलात तर हेही विचारा: परीक्षेच्या अभ्यासाव्यतिरिक्त मोकळा क्लास किती होतो?

मुंबईत बॅले नवीन नाही. तुषना डल्लास यांची शाळा १९६६ पासूनची. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कितीतरी शिक्षिका अशाच जुन्या क्लासमधून निघालेल्या असतात. 'तुम्ही कुणाकडे शिकलात?' या प्रश्नाने त्यांचा चेहरा खुलतो. उत्तरातून वंशावळ तर कळतेच, गुरूबद्दल माणूस कसा बोलतो हेही कळतं.

ते बोटांवर उभं राहणं

सगळ्या मुलींना तेच हवं असतं, आणि खरं सांगायचं तर आयांनाही. बोटांच्या टोकावर उभं राहण्याचे ते कडक बूट, पॉइंट शूज. साधारण अकरा-बाराव्या वर्षाआधी आणि तीन-चार वर्षांच्या नियमित, आठवड्यातून किमान दोनदा झालेल्या शिक्षणाआधी ते घालायचे नसतात. नुसतं वयही पुरत नाही. घोटा, पोटरी, पाठ आणि पोटाची ताकद तपासून शिक्षक मुलीगणिक ठरवतो, एका बॅचला एकाच दिवशी सगळ्यांना बूट वाटत नाही. पायाची हाडं अजून वाढत असतात.

मी हा प्रश्न सापळा म्हणून वापरते. "हिला पॉइंट कधी देणार?" चांगला शिक्षक म्हणतो, "बघू, अजून अवकाश आहे." 'सहा महिन्यांत स्टेजवर पॉइंटवर उभी करतो' असं ऐकलंत, तर मुलीचा हात धरा आणि बाहेर पडा. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या मोठ्या मुलीला 'तुला पॉइंट नको' असं स्पष्ट सांगणाऱ्या एका बाईंवर पालक रुसले होते. बरोबर त्या बाईच होत्या.

ऑनलाइन मागवून घरी आरशापुढे प्रयोग करणं तर अजिबात नको.

पैसे

महिन्याची फी विचारू नका, वर्षाचा खर्च विचारा आणि कागदावर मागा. नोंदणी, तिमाही फी, गणवेश, परीक्षेची फी, परीक्षेआधीचे जादा क्लास, वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख, त्या कार्यक्रमाची तिकिटं (हो, स्वतःच्या मुलीला बघायला), व्हिडिओची सीडी किंवा लिंक. मे महिन्याची फी लागते का, मूल आजारी पडलं तर क्लास भरून देतात का, मध्येच सोडलं तर काय परत मिळतं? वर्षाची फी एकदम भरली तर सवलत, हे आमिष पहिल्या वर्षी तरी टाळा. तीन महिन्यांचे भरा.

वार्षिक कार्यक्रम कशासाठी आहे तेही कळून घ्या. मुलांना स्टेजचा अनुभव हवाच. पण डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी ऑगस्टपासून बार बंद आणि फक्त नाच बसवणं सुरू, असं असेल तर वर्षातले चार महिने शिक्षण थांबलं, फी मात्र चालूच.

बुटांबद्दल एक खास आपल्याकडची चूक. आपण शाळेचे बूट एक नंबर मोठे घेतो, 'वाढत्या अंगाचं पोर' म्हणून. बॅलेचे मऊ बूट तसे घेऊ नका. ते मोज्यासारखे बसायला हवेत, बोटं मात्र दुमडलेली नकोत. ढिल्या बुटात कापड बोटांपुढे गोळा होतं आणि मूल त्यावरच घसरतं. सुरुवातीला कापडी बूट पुरे. तळवा अखंड की दोन तुकड्यांचा, हे शिक्षकाला विचारून घ्या, आणि पहिले दोन क्लास होईपर्यंत काहीच विकत घेऊ नका. पायमोजे किंवा अनवाणी चालतं का, ते विचारा. पुष्कळदा चालतं.

मूल सुरक्षित आहे ना

बॅलेत शिक्षक अंगाला हात लावून दुरुस्ती करतो. चांगला शिक्षक आधी विचारतो, 'हात लावू का?', मोठ्यांनाही आणि सहा वर्षांच्या मुलालाही. कपडे बदलायची जागा बंद आणि वेगळी आहे का, तिथे फोन नेता येतो का, मुलांचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकायच्या आधी पालकांची परवानगी घेतात का? लेओटार्डमधल्या, म्हणजे बॅलेच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखातल्या, मुलींचे रील टाकून जाहिरात करणारे क्लास पुष्कळ आहेत. 'माझ्या मुलीचा नको' असं प्रवेशाच्या अर्जावरच लिहून द्या. कुणा एका शिक्षकाबरोबर बंद खोलीत 'खास शिकवणी' असेल तर आपण बाहेर बसायचं आणि दार उघडं राहील असं सांगायचं. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, त्याचं नाव काढल्यावर चांगल्या क्लासचा माणूस बिचकत नाही.

तुम्ही स्वतः शिकणार असाल

मी सुरू केलं तेव्हा चूक केली ती 'ओपन लेव्हल'च्या बॅचला जाऊन. ओपन म्हणजे कुणालाही खुली, असं मला वाटलं. तिथे सगळ्यांना नावं पाठ होती, शिक्षिका फ्रेंचमध्ये चार शब्द म्हणायच्या आणि वीस जणी एकदम एका दिशेला जायच्या, मी दुसऱ्या. मोठ्यांसाठी अगदी पहिल्यापासून सुरू होणारी, ठरावीक आठवड्यांची, सगळे एकाच दिवशी सुरू करतात अशी बॅच शोधा. कधीही या, कधीही जा अशी बॅच नंतर, पायाखालची वाट कळल्यावर.

शिक्षकाला आधीच सांगा: गुडघ्याची गादी, पाठदुखी, रक्तदाब, बाळंतपण नुकतंच झालं असेल तर तेही. मी गुडघ्याचं सांगितलं तेव्हा बाईंनी पूर्ण खाली जायचा प्लिए मला वर्षभर बंद केला आणि उड्यांच्या जागी चवड्यांवर उठणं दिलं. ज्या क्लासमध्ये 'काही होत नाही हो, करा' असं उत्तर मिळेल तिथे करू नका. जुनं दुखणं असेल तर सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

कपड्यांची लाज बाळगू नका. लेगिंग आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरतो. घोळदार कुर्ता मात्र नको, गुडघे दिसत नाहीत आणि शिक्षकाला काही कळत नाही. पहिल्या दिवशी महागडे बूट, स्कर्ट, बॅग घेऊन येणाऱ्या आरंभशूरांपैकी सहाव्या आठवड्यात किती उरतात हे मी मोजलंय. मी स्वतः त्यातलीच होते, फक्त टिकले.

वयाचं म्हणाल तर आरएडीने २०१७ साली ५५ वर्षांवरच्यांसाठी 'सिल्व्हर स्वॉन्स' नावाने खास वर्ग सुरू केले. तुमच्या शहरात त्या नावाचा वर्ग नसला तरी शिक्षकाला विचारा, आईसाठी सकाळची बॅच घ्याल का? पाच जणी जमल्या तर पुष्कळ जण घेतात.

परदेशातल्या मराठी घरांसाठी थोडं

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिथे जमिनीचा प्रश्न नसतो, प्रश्न असतो क्लासच्या जातीचा. काही स्टुडिओ मुख्यतः स्पर्धांसाठी मुलं तयार करतात: गावोगावचे दौरे, दर नाचाचा वेगळा पोशाख, शनिवार-रविवार सगळे गेले. प्रवेश घेतानाच विचारा, स्पर्धेच्या गटात नसलेल्या मुलीला कोण शिकवतं? इंग्लंडमध्ये आरएडीच्या ग्रेड ६ ते ८ ला विद्यापीठ प्रवेशाचे युकास गुण मिळतात, तेवढ्यासाठी मुलीला ओढू नका, पण ती तिथवर पोचलीच असेल तर अर्जात लिहायला विसरू नका.

तीन महिन्यांनी

तिमाही फी भरायच्या आधी एकदा मुलाला विचारा, 'या महिन्यात बाईंनी तुझं काय सुधारलं?' 'माझी उजवी टाच उचलली जायची' असं काहीतरी नेमकं उत्तर आलं तर पुढची फी भरा. 'छान म्हणाल्या' एवढंच असेल तर अजून एक मंगळवार जाऊन बसा. दुखणं कुठे आहे तेही विचारा: मांडी, पोटरी थकून दुखली तर दोन दिवसांत जाते. नडगी, गुडघ्याची आतली बाजू, घोट्याचा मागचा भाग तसाच दुखत राहिला तर क्लास थांबवून दाखवून घ्या.

क्लास सोडायचा ठरला तर भांडू नका, मुंबईतलं बॅलेचं जग लहान आहे, उद्या परीक्षेला तीच बाई समोर असेल. लेखी कळवा, उरलेली फी मागा, आणि परीक्षा दिली असेल तर मुलीचा आरएडीचा ओळख क्रमांक आणि निकालपत्र घेऊनच निघा. आम्ही ते घ्यायला विसरलो होतो आणि दोन महिन्यांनी, टाइल्सवर धबधब उड्या चाललेल्या असताना, मला त्याच काउंटरपाशी परत जाऊन उभं राहावं लागलं.